एका रॉकेटमध्ये अनेक उपग्रह: सहप्रवासाची तयारी कशी होते?

इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटच्या सी३५ मोहिमेत २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून आठ उपग्रह एकाच रॉकेटमधून अवकाशात गेले. त्यांतला मुख्य उपग्रह होता समुद्रावरील वाऱ्यांची नोंद घेणारा, ३७१ किलो वजनाचा स्कॅटसॅट-१. उरलेल्या सातांत अल्जीरियाचे तीन, अमेरिका आणि कॅनडा यांचा प्रत्येकी एक, बंगळुरूच्या पीईएस विद्यापीठाचा पायसॅट आणि पवईच्या आयआयटी मुंबईतील विद्यार्थ्यांनी घडवलेला, सुमारे दहा किलो वजनाचा ‘प्रथम’ हे उपग्रह होते. ‘प्रथम’चे काम २००७ मध्ये सुरू झाले होते आणि इस्रोबरोबरचा करार २००९ मधला होता. अशा प्रकल्पाची बातमी येते तेव्हा उपग्रहात काय आहे आणि तो काय मोजणार आहे, हे आपल्याला वाचायला मिळते. मात्र वेगवेगळ्या गटांनी बनवलेले आठ उपग्रह एकाच रॉकेटच्या माथ्यावर, एकाच आवरणाखाली, एकमेकांना धक्का न लावता कसे बसवले जातात, हे सहसा कोणी सांगत नाही. मुंबई आणि परिसरातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज छोट्या उपग्रहांवर काम करण्याची उमेद दिसते, म्हणून ही बाजू नीट समजावून सांगणे मला गरजेचे वाटते.

सहप्रवासाचे कारण सरळ आहे. पीएसएलव्ही सुमारे ६०० किलोमीटर उंचीच्या सूर्यसमकालिक कक्षेत (म्हणजे उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दर वेळी साधारण त्याच स्थानिक वेळी जातो अशा कक्षेत) साधारण १,७५० किलो वजन नेऊ शकते; दहा किलोच्या उपग्रहासाठी अख्खे रॉकेट वापरणे कोणालाच परवडणार नाही. मुख्य उपग्रह ठेवल्यावर जी क्षमता उरते, ती लहान उपग्रहांना दिली जाते. पीएसएलव्हीने हा मार्ग २६ मे १९९९ रोजी सी२ मोहिमेत प्रथम वापरला. भारताच्या ओशनसॅट-१ सोबत तेव्हा दक्षिण कोरियाचा आणि जर्मनीचा एकेक लहान उपग्रह गेला होता. या व्यवस्थेतले नाते लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसमध्ये जागा मिळालेल्या पाहुण्यासारखे असते: बस नवरदेवाची, मुहूर्त नवरदेवाचा, मार्गही त्याच्याच सोयीचा, आणि पाहुण्याला उशीर झाला तर बस थांबत नाही. कक्षेची उंची, तिचा कल, उपग्रह विषुववृत्त ओलांडताना खाली स्थानिक वेळ किती असेल, हे सगळे मुख्य उपग्रहाच्या गरजेनुसार ठरते, आणि सहप्रवाशाने त्या कक्षेत आपले काम होते का, हे आधीच तपासून घ्यायचे असते.

या सगळ्या समन्वयाच्या मुळाशी एकच अपेक्षा आहे आणि ती लक्षात आली की बाकीचे नियम आपोआप उलगडतात. तुमचा उपग्रह कक्षेत गेल्यावर चालेल की नाही, याची जबाबदारी तुमची असते. तो रॉकेटपासून सुटेपर्यंत निपचित राहील, तुटणार नाही, गळणार नाही, कोणतेही रेडिओ संकेत पाठवणार नाही आणि शेजाऱ्याला इजा करणार नाही, याची खात्री मात्र प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला लेखी आणि चाचणीसह हवी असते. मुख्य उपग्रहावर शेकडो कोटी रुपये खर्च झालेले असू शकतात. त्याच्या शेजारी बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उपग्रहातला एक सैल स्क्रूसुद्धा त्या खर्चावर पाणी फिरवू शकतो. म्हणून नवख्या गटाला जाच वाटणारी कागदपत्रे मला अगदी रास्त वाटतात.

हे काम सोपे करण्यात सर्वांत मोठा वाटा क्यूबसॅट या मानकाचा आहे. कॅलिफोर्नियातील कॅल पॉली विद्यापीठाचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी ते १९९९ मध्ये मांडले. दहा सेंटिमीटर बाजूचा घन हे त्याचे एक एकक. असे दोन, तीन, सहा किंवा बारा घन जोडून मोठा उपग्रह करता येतो. वरवर पाहता हे केवळ आकाराचे बंधन वाटते, पण त्यामागची खरी युक्ती उपग्रह ज्या डब्यात बसतो त्या डब्यात आहे. क्यूबसॅट रॉकेटला थेट जोडला जात नाही. तो धातूच्या एका बंद डब्यात सरकवला जातो आणि तो डबा रॉकेटला बोल्टने पक्का केला जातो. रॉकेटकडून विजेचा इशारा आला की डब्याचे दार उघडते आणि आतली स्प्रिंग उपग्रहाला बाहेर ढकलते. उपग्रहाचा एखादा भाग आतल्या आत निसटला, तरी तो डब्यातच राहतो आणि शेजारी सुरक्षित राहतात. त्यामुळे रॉकेटच्या अभियंत्यांना प्रत्येक विद्यापीठाचा उपग्रह मुळापासून समजून घ्यावा लागत नाही. डबा त्यांच्या ओळखीचा असतो आणि उपग्रहाला त्या डब्याच्या अटी पाळाव्या लागतात.

उपग्रह डब्यात घालण्याचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. क्लीन रूममध्ये, म्हणजे धूळ आटोक्यात ठेवलेल्या खोलीत, टोपी, मास्क, हातमोजे आणि मनगटाला स्थिर विद्युत जमिनीत सोडणारा पट्टा अशा वेशात दोघे-तिघे उभे असतात. उपग्रहाच्या चार कडांवर गुळगुळीत, कठीण केलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि त्याच डब्याच्या आतील खाचांतून सरकतात. त्या पट्ट्यांच्या टोकाला असलेली छोटी बटणे आत गेल्यावर दाबली जातात आणि जोवर ती दाबलेली आहेत, तोवर बॅटरी आणि बाकीची सर्किटे यांचा संबंध तुटलेला राहतो. उपग्रहाच्या अंगावर लाल फीत लावलेली एक पिन असते. हाताळणीच्या काळात हीच पिन वीज बंद ठेवते आणि उड्डाणापूर्वी ती काढावीच लागते. एकजण यादीतली ओळ मोठ्याने वाचतो, दुसरा ती कृती करतो, तिसरा पाहून सही करतो, आणि काढलेली पिन मोजून पिशवीत ठेवली जाते. कोणी घाईने उपग्रह तिरपा सरकवला आणि पट्टीवर ओरखडा पडला, तर कक्षेत दार उघडल्यावर तो अडकू शकतो, म्हणून हे काम अतिशय संथपणे चालते.

‘प्रथम’सारखे डब्यात न मावणारे उपग्रह वेगळ्या रीतीने बसवले जातात. तिथे उपग्रहाच्या तळाशी एक कडे आणि रॉकेटच्या बाजूला दुसरे कडे असते. पोलादी गोळ्यांच्या साहाय्याने ती दोन्ही एकमेकांत अडकवलेली असतात आणि आदेश मिळताच गोळ्या सरकून स्प्रिंगा उपग्रहाला दूर लोटतात. इथे डब्याचे संरक्षण नसल्यामुळे तपासणी अधिक कडक असते.

दोन्ही पद्धतींत सगळ्या चर्चेचा आधार असतो तो ‘आयसीडी’ या नावाने ओळखला जाणारा दस्तऐवज, म्हणजे उपग्रह आणि रॉकेट जिथे एकमेकांना भेटतात त्या प्रत्येक बाबीचा दोन्ही बाजूंनी सही केलेला करार. बोल्टची भोके कुठे आहेत, वजन किती, गुरुत्वमध्य कुठे येतो, पृष्ठभागाला कोणता लेप दिला आहे, विजेची जोडणी आहे की नाही, कोणत्या दिशेला किती मोकळी जागा लागेल, हे सारे त्यात आकड्यांनिशी लिहिलेले असते. त्यावर सह्या झाल्या की बदल करणे महागात पडते. एका गटाने चांगला कॅमेरा मिळाला म्हणून तीनशे ग्रॅम वाढवले, तर त्या वजनाचा परिणाम रॉकेटच्या माथ्यावरील संतुलनावर आणि पुढच्या सगळ्या गणितांवर होतो. एखादा उपग्रह वेळेत तयार झालाच नाही, तरी त्याची जागा नुसती मोकळी सोडता येत नाही. बऱ्याचदा तिथे तेवढ्याच वजनाचा धातूचा ठोकळा बसवावा लागतो, कारण सगळी गणिते त्या वजनाला धरून केलेली असतात. महाविद्यालयीन गटांना या टप्प्यावर एक खास अडचण येते. चार वर्षांत विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात आणि प्रकल्प मागे राहतो. ज्याने बॅटरीची जोडणी केली, तो आयसीडीवर सही होईपर्यंत पुण्यात किंवा परदेशात नोकरीला लागलेला असतो. माझ्या मते मुंबईतल्या कोणत्याही नव्या गटाने पहिल्या वर्षापासून प्रत्येक निर्णयाची कारणासह नोंद ठेवणे, हे उत्तम सर्किट बनवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता कंपनांकडे वळू. रॉकेट उडताना इंजिनांचा धडधडाट, आवाजाचा मारा आणि टप्पे सुटताना बसणारे हिसके असे तिन्ही परिणाम उपग्रहावर होतात. प्रत्येक वस्तूची स्वतःची अशी एक वारंवारता असते. बाहेरचे कंपन तिच्याशी जुळले, तर लहानसा धक्काही अनेक पटींनी वाढतो. म्हणून प्रत्येक उपग्रहाची पहिली नैसर्गिक वारंवारता एका ठरावीक मर्यादेच्या वर असावी, अशी अट घातली जाते. प्रत्येक गट आपल्या उपग्रहाचे संगणकीय प्रारूप प्रक्षेपण संस्थेला देतो. संस्था ती सर्व प्रारूपे रॉकेटच्या प्रारूपाला जोडून, सगळे मिळून कसे हलतील आणि कोणाच्या पायाशी किती बल येईल, हे काढते. एका उपग्रहात बदल झाला की हे गणित पुन्हा करावे लागू शकते; त्यामुळे एकाच्या हलगर्जीपणाचा भुर्दंड बाकीच्या सर्वांना बसतो.

गणितानंतर प्रत्यक्ष चाचणी येते. उपग्रह हादरणाऱ्या मेजावर पक्का करून तिन्ही दिशांनी हलवला जातो. मुख्य चाचणीच्या आधी आणि नंतर अगदी हलक्या कंपनाने त्याची नैसर्गिक वारंवारता मोजतात आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहतात. आलेखातले नैसर्गिक वारंवारतेचे शिखर आपल्या जागेवरून लक्षात येण्याजोगे सरकले असेल, तर बाहेरून सगळे ठाकठीक दिसत असले तरी आत एखादा स्क्रू सैल झाला आहे किंवा एखादा जोड तडकला आहे, असे समजून उपग्रह उघडावा लागतो. डोळ्यांना न दिसणारा दोष दोन रेषांमधल्या फरकातून पकडणारी ही पद्धत मला या संपूर्ण प्रक्रियेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

निर्वातातील वायुगळतीचा नियमही शेजाऱ्याच्या काळजीतूनच आला आहे. प्लास्टिक, गोंद, रंग, तारांची आवरणे यांत अडकलेले पदार्थ निर्वातात बाहेर पडतात आणि शेजारच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर किंवा सौर पट्ट्यांवर साचतात. म्हणून रूढ कसोटी अशी आहे की एखादा पदार्थ निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवल्यावर त्याचे वजन एक टक्क्याहून अधिक घटता कामा नये आणि थंड पृष्ठभागावर साचणारा अंश ०.१ टक्क्याहून अधिक असू नये. मुंबईत काम करणाऱ्यांनी यात पावसाळ्याची भर धरावी. जुलै-ऑगस्टमधली दमट हवा सर्किटच्या पाट्यांत आणि संयुक्त पदार्थांत मुरते, म्हणून आर्द्रता आटोक्यात ठेवलेली खोली, सीलबंद पिशव्या, ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि चाचणीपूर्वी उपग्रह निर्वातात तापवून घेणे, या गोष्टी इथे खर्चात पहिल्यापासून धरायला हव्यात.

परवान्यांचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो दुय्यम समजू नये. भारतात खासगी आणि शैक्षणिक उपग्रहांना इन-स्पेस या संस्थेची मंजुरी लागते, आणि रेडिओ लहरींसाठी दूरसंचार विभागाकडून परवानगी घेऊन आंतरराष्ट्रीय पातळीवर समन्वय साधावा लागतो. या बाबतीत हयगय झाली तर काय होते, याचे उदाहरण पीएसएलव्हीशीच जोडलेले आहे. १२ जानेवारी २०१८ रोजी सी४० मोहिमेत अमेरिकेच्या स्वॉर्म टेक्नॉलॉजीज या कंपनीचे स्पेसबी नावाचे चार अगदी छोटे उपग्रह गेले. ते इतके लहान होते की रडारने त्यांचा खात्रीशीर माग ठेवता येणार नाही, या कारणाने अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने आदल्याच महिन्यात परवानगी नाकारली होती. तरीही ते उडाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कंपनीने नऊ लाख डॉलरचा दंड मान्य केला. रॉकेट आणि उपग्रहाचा मालक यांच्यामध्ये मध्यस्थ असतात, कागद अनेक हातांतून फिरतात, आणि परवाना प्रत्यक्ष हाती आहे की नाही हे प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवले, तर अशी चूक घडू शकते.

सारे पार पडले की उपग्रह श्रीहरिकोट्याला जातो. मुंबईहून चेन्नईपर्यंत आणि तिथून रस्त्याने पुढे नेताना तो धक्के शोषणाऱ्या, आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या पेटीत असतो. तिथे पोहोचल्यावर शेवटची तपासणी होते, बॅटरी भरली जाते आणि उपग्रह सोपवला जातो. त्यानंतर त्याला हात लावण्याची संधी फार कमी मिळते. मुख्य उपग्रहाच्या किंवा रॉकेटच्या कारणाने उड्डाण काही आठवडे पुढे गेले, तर बॅटरी हळूहळू उतरत राहते आणि अनेकदा ती पुन्हा भरण्याची सोय नसते. म्हणून दीर्घ प्रतीक्षेनंतरही उपग्रह स्वतःहून जागा होऊ शकेल इतका साठा बॅटरीत उरेल, अशी रचना सुरुवातीपासून करावी लागते.

उड्डाणानंतर उपग्रह सोडण्याचा क्रम येतो. साधारणपणे मुख्य उपग्रह आधी सुटतो. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्ही-सी३७ ने १०४ उपग्रह नेले, त्यांत ७१४ किलोचा कार्टोसॅट-२ मालिकेतला उपग्रह आधी सुटला, मग इस्रोचे दोन नॅनो उपग्रह आणि त्यानंतर परदेशी १०१. सगळे एकाच कक्षेत सोडायचे असताना एक दुसऱ्यावर आदळू नये म्हणून प्रत्येकाची दिशा, वेग आणि दोन सुटण्यांमधला काळ असा ठरवला जातो की त्यांच्यातले अंतर वाढतच जाईल. रॉकेटचा शेवटचा टप्पा मधूनमधून आपली दिशाही बदलतो. प्रत्येक डब्याला रॉकेटच्या संगणकाकडून स्वतंत्र तार गेलेली असते, आणि कोणती तार कोणत्या डब्याची, हे जमिनीवर पुन्हा पुन्हा तपासले जाते, कारण तारांची अदलाबदल झाली तर काळजीपूर्वक आखलेला क्रमच कोलमडेल. सी३५ मध्ये काम आणखी अवघड होते: नियोजनानुसार स्कॅटसॅट-१ ला ७२० किलोमीटरवर आणि बाकीच्या सातांना ६७० किलोमीटरवर सोडायचे होते. पीएसएलव्हीने एका उड्डाणात दोन वेगळ्या कक्षा गाठण्याची ती पहिलीच वेळ होती. चौथा टप्पा बंद करून पुन्हा पेटवावा लागला आणि ‘प्रथम’च्या गटाला दोन तासांहून अधिक वाट पाहावी लागली.

सहप्रवासात अपयशही वाटून घ्यावे लागते. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्ही या नव्या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दुसरा टप्पा सुटताना झालेल्या कंपनांनी प्रवेगमापकांचे, म्हणजे वेगातला बदल मोजणाऱ्या यंत्रांचे, वाचन काही क्षण बिघडले, संगणकाने ती यंत्रे नादुरुस्त मानली, आणि उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ७६ किलोमीटरपर्यंत खाली येणाऱ्या लंबगोल कक्षेत गेले. मुख्य उपग्रह ईओएस-०२ सोबत देशभरातील ७५० शाळकरी मुलींनी काम केलेला आझादीसॅटही गमावला गेला. आझादीसॅट-२ पुढच्या वर्षी १० फेब्रुवारीला त्याच रॉकेटच्या दुसऱ्या उड्डाणात यशस्वीपणे कक्षेत पोहोचला. दुसरी संधी मिळेल अशी तयारी, म्हणजे जास्तीचे सुटे भाग, रेखाचित्रे आणि सगळ्या चाचण्यांच्या नोंदी, प्रत्येक गटाने जपून ठेवाव्यात, हे मी आग्रहाने सांगेन.

सुटल्यावरही उपग्रहाने लगेच बोलायचे नसते. बटणे मोकळी होताच आतला टाइमर सुरू होतो आणि मानकाप्रमाणे अँटेना किंवा सौर पट्ट्या उलगडण्यापूर्वी किमान अर्धा तास थांबावे लागते, जेणेकरून शेजारी पुरेसे दूर गेलेले असतील. त्यानंतर जमिनीवरील गटापुढे वेगळाच प्रश्न असतो: रडारवर एकमेकांजवळ अनेक ठिपके दिसत असताना त्यांतला आपला कोणता? बरेच दिवस हे निश्चित होत नाही. जगभरातील हौशी रेडिओ केंद्रांनी टिपलेले संकेत आणि त्यांच्या वारंवारतेतला बदल जुळवून ही ओळख पटवावी लागते.

स्वतंत्र उपग्रह बनवण्याची तयारी नसलेल्यांसाठी इस्रोने पोएम हा दुसरा मार्ग खुला केला आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर वाया जाऊ न देता, त्यालाच कक्षेतील प्रयोगांचा मंच बनवले जाते. १ जानेवारी २०२४ च्या सी५८ मोहिमेत पोएम-३ वर शीव येथील के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेचा बिलीफसॅट-० हा हौशी रेडिओचा प्रयोग गेला. त्याच वर्षी ३० डिसेंबरच्या सी६० मोहिमेत पोएम-४ वर मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींवरचा प्रयोग पाठवला. इथे सुटण्याचा प्रश्नच उरत नाही, पण समन्वयाचे स्वरूप बदलते: वीज, आदेश आणि माहितीची वाहिनी सर्वांना एकाच मंचाकडून मिळते, त्यामुळे एका प्रयोगाचा विद्युत गोंधळ दुसऱ्याच्या संवेदकात शिरू नये, कोण कधी चालू राहील आणि कोणाची माहिती आधी खाली येईल, हे ठरवावे लागते. जिवंत ऊती पाठवणाऱ्यांना उड्डाण लांबण्याची चिंता इतरांपेक्षा जास्त असते. सी५८ मध्ये मुख्य उपग्रह एक्सपोसॅट ६५० किलोमीटरवर सोडून झाल्यावर पोएम-३ ला ३५० किलोमीटरच्या कक्षेत खाली आणण्यात आले. पंचविसाव्या दिवसापर्यंत ४०० प्रदक्षिणा पूर्ण करून त्याने सर्व प्रयोगांची उद्दिष्टे गाठली आणि २१ मार्च २०२४ रोजी तो मागे कचरा न ठेवता वातावरणात शिरला. या मंचावर जागा मागणाऱ्या गटाने म्हणूनच आपला प्रयोग पहिल्या तीन-चार आठवड्यांत पुरी माहिती देईल, असाच आखावा.